सतरा नंबरचं रक्त

सोमवार, ३ मार्च

आत्या म्हणाली, "तुझ्या नव्या नोकरीचं ऐकून ऐकून माझे कान किटले. वहीत लिही आणि मला सुखानं जेवू दे." म्हणून ही वही.

तर लिहिते. पंधरा वर्षं इस्पितळात माणसांची रक्तं तपासली, आता घोड्यांची तपासते. आमच्या संस्थेत घटसर्पावरचा उतारा तयार होतो. पद्धत जुनी आहे. घटसर्पाच्या जंतूंचं विष आधी निर्विष करून घ्यायचं आणि ते घोड्याला थोडं थोडं टोचायचं. घोड्याला काही होत नाही, पण त्याचं रक्त त्या विषाला ओळखायला शिकतं आणि त्याला धरून ठेवणाऱ्या अँटिबॉडी बनवू लागतं. मग घोड्याला लोखंडी चौकटीत उभं करून (तिला इथे खोडा म्हणतात) मानेच्या शिरेतून रक्त काढायचं, तांबड्या पेशी त्याच्या त्याला परत द्यायच्या आणि उरलेल्या पिवळ्या पाण्याचं औषध करायचं. कुठेतरी एखादं पोर घसा सुजून गुदमरत असतं, त्याला ते टोचतात आणि पोर उठून बसतं. हे मला अजूनही जादूसारखं वाटतं, आणि जादू कशी केली ते कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

माझं काम एवढंच की नळीतल्या रक्तात अँटिबॉडी किती आहेत ते सांगायचं. घोड्यांची मला भयंकर भीती वाटते, पण त्यांच्याशी गाठ पडत नाही. पागा मागच्या अंगाला आहे. मोतद्दार काका, म्हणजे घोडे सांभाळणारे, नळ्या भरून आणतात आणि माझ्या खिडकीत ठेवून जातात. इथे सगळ्यांचं तसंच. आमचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणतात, त्यांनी कित्येक वर्षांत पागेत पाऊल टाकलेलं नाही. घोडे त्यांना आकड्यांवरून ओळखू येतात.

"म्हणजे उंटावरून शेळ्या हाकताय," आत्या म्हणाली.

सहा महिने कच्ची नोकरी, मग पक्की. काहीतरी करून दाखवायला हवं.

बुधवार, १२ मार्च

आज चौदा नंबरचा घोडा पोटात कळ येऊन आडवा झाला. वाचला, पण वर्षभर तरी त्याला टोचू नका, असं पशुवैद्यांनी फोनवरच सांगितलं. घोड्यांना नावानिशी ओळखणारे जुने पशुवैद्य निवृत्त झालेत. नवे बोलावलं तर येतात.

एक घोडा कमी झाला म्हणजे औषध कमी होणार. मोठे डॉक्टर हवालदिल झाले. मी म्हटलं, "सतरा नंबर आहे ना." गेल्या वर्षी सहा नवे घोडे घेतले, त्यांतली ही सतरा नंबरची काळी घोडी राखीव ठेवलेली आहे. तिला आजवर काहीच टोचलेलं नाही. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, "तुमचं लक्ष आहे हं."

मी खिडकीतून मोतद्दार काकांना सांगितलं, तर ते जागच्या जागी उभेच. "सतरा? ती राखीव आहे, ताई."

"राखीव म्हणजे अशा वेळेसाठीच ना, काका?"

तसेच गेले. नळ्यांची पेटीही विसरले. काम वाढलं की माणसाचा चेहरा कसा पडतो ते मी इस्पितळात पुष्कळ पाहिलंय.

दुपारी बाटल्या भरणाऱ्याकडून (त्याला सगळे बाटलीशेठ म्हणतात) काकांची हकिगत कळली. चार नंबरची एक म्हातारी घोडी होती, काळीभोर, कपाळावर पांढरा चांद. काकांनीच तिला लहानाची मोठी केली. बारा वर्षं तिनं रक्त दिलं. मग एकदा खोड्यातच गुडघे टेकून बसली. काळीज कमजोर झालं होतं. पुन्हा एकदा एवढं रक्त काढलं तर उठायची नाही, असं जुन्या पशुवैद्यांनी सांगितलं. दोन वर्षं नुसती उभी होती. गेल्या वर्षी नवे घोडे उतरवले त्याच लॉरीतून तिला लिलावाला पाठवलं.

"आम्हाला वाटलं, म्हातारा ऊर बडवून घेईल," बाटलीशेठ म्हणाला, "पण डोळ्यांतून टिपूस नाही. लॉरी गेली आणि हे आपले खरारा करत बसले."

माणसाचं मन काही सांगता येत नाही.

मंगळवार, १८ मार्च

टोचण्याआधी सतरा नंबरचं रक्त तपासलं. ते कोरं असायला हवं होतं. पण नाही, अगदी थोड्या, म्हणाव्यात तर आहेत अशा अँटिबॉडी दिसल्या. पुन्हा तपासलं. पुन्हा तेच.

मोठे डॉक्टर म्हणाले, "नळ्या नीट धुता ना?"

मला! आयुष्यात मी कुणाच्या उष्ट्या कपाला तोंड लावलं नाही इतकी मी स्वच्छ. तिरीमिरीत सगळं सामान उकळलं, तिसऱ्यांदा तपासलं. तेच.

संध्याकाळी त्यांनाच आठवलं. काही घोड्यांच्या रक्तात उपजतच असा थोडा अंश सापडतो. का, ते नक्की कुणाला ठाऊक नाही. पण असे घोडे टोचल्यावर फार भराभर उत्तर देतात. "लॉटरी लागली असेल तर बघू," ते म्हणाले. नळ्यांबद्दल मात्र माफी नाही मागितली. परवा टोचणार.

रविवार, २३ मार्च

आत्याला आज सगळं नीट समजावलं. ती भाजी निवडत होती, त्यामुळे पळून जाऊ शकत नव्हती.

म्हटलं, शत्रू दोन तऱ्हेचे. काही आपल्या पेशींत घुसून बसतात, त्यांना हुडकायची तऱ्हा वेगळी. घटसर्पाचे जंतू तसले नाहीत. ते घशात, पेशींच्या बाहेर तळ ठोकतात आणि तिथून विष सोडतात. बाहेरच्याला गाठायचं तर रक्तात मोकळं फिरणारं काहीतरी हवं. त्या अँटिबॉडी. त्या विषाला जाऊन चिकटतात. चिकटलं की त्या विषाला पेशीचं दार उघडता येत नाही, आणि मागून खादाड पेशी येऊन सगळा गठ्ठा गिळून टाकतात.

"आणि ह्या करतं कोण?"

हाच तर मला झोपू न देणारा प्रश्न. अंगात लाखो तऱ्हेच्या पेशी आधीपासूनच तयार असतात, प्रत्येकीची पकड वेगळी. घटसर्प काय हे त्यांना माहीतही नसतं. विष आलं की त्या लाखोंतली एखादी, निव्वळ योगायोगानं, त्याला धरू शकते. पण धरलं म्हणून तिला लगेच कामाला लागता येत नाही. आधी ती विषाचा तुकडा दुसऱ्या जातीच्या पेशीला दाखवते. त्या मदतनीस पेशीलाही तो ओळखीचा वाटला तरच ती म्हणते, हो, लाग कामाला.

"दोन सह्या लागतात," आत्या म्हणाली. तिची सगळी नोकरी कचेरीत गेली. "बरोबरच आहे. एकाच्या सहीनं काम व्हायला लागलं तर कुणीही कुणावरही उठेल."

हे मला पुस्तकातून कळायला महिना लागला होता.

मग पहिलीच्या हजारो पेशी होतात. वाढता वाढता त्यांची पकड थोडी थोडी बदलते. जिची सैल ती मरते, जिची घट्ट ती राहते. पहिल्या वेळी ह्या सगळ्याला आठवडे लागतात, आणि सुरुवातीला निघतात त्या अँटिबॉडी मोठ्या, बोजड, सैल पकडीच्या. चांगल्या, आटोपशीर, घट्ट धरणाऱ्या मागाहून येतात. काम संपल्यावर बहुतेक पेशी मरून जातात, पण थोड्या वर्षानुवर्षं मागे राहतात. तेच विष पुन्हा आलं तर त्यांना पहिल्यापासून काही शिकावं लागत नाही.

"म्हणजे पेन्शनीतली माणसं," आत्या म्हणाली. "बोलावलं की त्याच दिवशी हजर, आणि नव्यांपेक्षा काम बरं."

मंगळवार, १ एप्रिल

लॉटरी लागली!

सतरा नंबरचं नवं रक्त आज तपासलं. तबकडीतल्या घरांमध्ये रक्त पातळ पातळ करत जायचं आणि रंग कुठवर येतो ते बघायचं, अशी रीत. बाकीच्या घोड्यांचा रंग पहिल्या टोचणीनंतर तिसऱ्या-चौथ्या घरात मरतो. सतराचा शेवटच्या घरापर्यंत पिवळाधमक. मी तबकडी उलटी धरली की काय असं वाटलं. इतरांना तीन-चार महिने टोचून जे जमतं ते हिनं एका टोचणीत, दीड आठवड्यात केलं.

मी खुर्चीवरून उठून एकटीच टाळ्या वाजवल्या. खिडकीत मोतद्दार काका उभे होते. मी म्हटलं, "काका, तुमची सतरा नंबर म्हणजे हिरा आहे हिरा!"

ते म्हणाले, "तपासताना काही चुकलं नाही ना, ताई?" इथे ज्याला त्याला माझं चुकलेलंच हवंय.

ह्यावर लेख लिहिता येईल. माझ्या नावानं. आत्याला फोन करून सांगितलं, तर म्हणाली, घोडामैदान जवळच आहे, इतकी हुरळू नकोस.

शुक्रवार, ४ एप्रिल

बारीकसारीक. हिऱ्याची चौकशी करायला हवी म्हणून सतरा काय खाते, कशी वागते, ते काकांना विचारलं. चंदी भिजवून, अगदी लापशीसारखी करून द्यावी लागते, म्हणाले. "नखरे हो. नवी आहे ना."

घरी हे सांगितलं तर आत्या कवळी धुता धुता म्हणाली, "नखरे कसले? दात नसतील तिला."

मी म्हटलं, "अगं, जेमतेम पाच वर्षांची आहे."

आणखी एक गंमत. काकांनी केस काळे करायला घेतलेत बहुतेक. बोटं, नखं, सगळी काळी. कलपाचा वासही येत होता. डोकं मात्र पांढरं शुभ्र तसंच. लावायचा कसा ते कुणीतरी शिकवायला हवं त्यांना. ह्या वयात हौस आली, चांगलं आहे.

बुधवार, ९ एप्रिल

मोठ्या डॉक्टरांना सतराच्या मापाचा आलेख दाखवला. ते चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून बघत राहिले. औषधाचा साठा तळाला आलाय. त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं की पुढच्या गुरुवारी सतरा नंबरचं पूर्ण रक्त काढायचं. चाचणीपुरतं नाही, पूर्ण. मग थोडी विश्रांती, पुन्हा टोचणी, पुन्हा पूर्ण. "अशी घोडी वर्षात सहा जणांचं काम करेल." आणि माझ्याकडे बघून, "तुमची नोकरी पक्की समजा."

काकांना निरोप दिला तेव्हा त्यांनी खिडकीचा गज धरला. "किती काढणार?"

"नेहमी काढतात तेवढं."

"थोडं काढा की. सवय नाही तिला, घाबरेल. पाय पण दुखतोय तिचा."

"काल तर नव्हता दुखत?"

"आजपासून दुखतोय."

मला हसूही आलं आणि रागही. डॉक्टरांना जाऊन सांगितलं की मोतद्दार टाळाटाळ करतात. डॉक्टरांनी त्यांना बोलावून सगळ्यांसमोर झापलं. निवृत्तीला थोडे महिने राहिलेत, तोवर तरी नीट काम करा, वगैरे. काका मान खाली घालून उभे होते. मी तिथून निघून आले. चांगलं नाही वाटलं. पण घोडं कुठे पेंड खातंय ते वरिष्ठांना सांगायलाच हवं ना.

बुधवार, १६ एप्रिल

उद्या सतराचं रक्त. लेखासाठी एक शेवटची चाचणी राहिली होती, ती आज केली. टोचल्यानंतर चौथ्या दिवशीचं थोडं रक्त थंडीत ठेवलेलं होतं. त्यात मोठ्या, बोजड अँटिबॉडी किती आणि आटोपशीर किती, ते बघायचं होतं. पहिल्याच वेळी विष बघणाऱ्या रक्तात सुरुवातीला बोजडच असायला हव्यात.

बोजड नावालाही नाहीत. चौथ्याच दिवशी सगळ्या आटोपशीर. पकड बघावी म्हणून त्यांना विषापासून सोडवायचं रसायन घातलं, तर सुटता सुटेनात. असली पकड एका टोचणीत येत नाही. ती यायला वर्षं लागतात, टोचणीवर टोचणी लागते.

हे उपजत नाही. हे रक्त आधी शिकलेलं आहे. कुठे? नव्या घोडीला घटसर्पाचं विष भेटलं कुठे? आधीच्या मालकाकडे? त्याच्याकडे आजारी माणसं असतील? काही केल्या जुळेना. जेवणात लक्ष नव्हतं.

आत्या म्हणाली, "आधी टोचलेली असणार."

"नवी घोडी आहे, आत्या."

"कोण म्हणतं?"

"गळ्यात बिल्ला आहे सतरा नंबरचा!"

"बिल्ला काय, माझ्याही गळ्यात बांध," ती म्हणाली आणि दिवा मालवायला उठली.

गुरुवार, १७ एप्रिल

सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

रक्त काढण्याआधी एक नळी माझ्याकडे यायला हवी होती. काका आलेच नाहीत. बाटलीशेठ बाटल्यांच्या पेट्या मांडून बसला होता, रक्त काढणारे बूट घालून तयार होते. शेवटी मीच नळी आणि सुई घेऊन निघाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पागेचं दार ओलांडलं. आत इतकं उबदार आणि शांत असेल असं वाटलं नव्हतं.

सतरा नंबर शेवटच्या खणात होती. मला वाटलं होतं, उधळेल, दात दाखवेल. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मान लांब करून, थोडी वळवून माझ्या पुढ्यात धरली. माझी भीती कुठच्या कुठे गेली. विश्वास टाकला हिनं माझ्यावर, असं वाटून मला भरून आलं, अगदी खरं सांगते.

मी शिरेवर अंगठा ठेवला.

घोडे मला कळत नाहीत, पण शिरा कळतात. पंधरा वर्षं तेच केलं. कोवळी शीर बोटाखाली दबते आणि पुन्हा फुगते. वर्षानुवर्षं सुया खाल्लेली शीर दबत नाही. सुंभासारखी कडक होते, सरकते, मध्येमध्ये गाठी लागतात. इस्पितळात कायमच्या आजाऱ्यांचे हात मी डोळे मिटून ओळखायची. ही शीर तशी होती. वरची कातडी जाड, केस विरळ. एक-दोन नाही, कितीतरी वर्षांचं काम होतं ते. पलीकडची शीर चाचपली. तीही तशीच.

मग तिनं कपाळ माझ्या कोटाला घासलं आणि पांढऱ्या बाहीवर काळा ओघळ उमटला. कलपाचा वास आला. ओल्या केसांखालून पांढरं डोकावत होतं.

काका मागे बादली घेऊन उभे होते. कधी आले कळलं नाही.

"ही चार नंबर आहे," मी म्हणाले.

त्यांनी बादली खाली ठेवली. मग म्हणाले, "बिल्ला बदलून हिच्या जागी लॉरीत चढवलं त्या नव्या जनावराला कुणीही नेलं असतं, ताई. जवान होतं, देखणं होतं. ज्यानं घेतलं त्यानं म्हाताऱ्या घोडीच्या भावात घेतलं, तो आजवर तक्रार करायला आला नाही. हिला कुणी नेलं असतं? आणि कशासाठी?"

"मला सांगायचं होतंत! मी तिला टोचायला लावलं, मी डॉक्टरांना..."

"कधी सांगणार? तुम्ही एकदाही इकडे आला नाहीत." ते चिडले नव्हते, हेच मला सहन होईना. "नळी घेऊन खिडकीत येतो मी. नळीला काय सांगायचं?"

बाहेर रक्त काढणाऱ्यांनी हाक मारली. मी जी धावत सुटले ती मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत. म्हटलं, थांबवा. ते म्हणाले, कारण? तेवढ्यात माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते लिहिते, कारण इथे तरी खोटं नको. लेख येऊन गेला. पक्की नोकरी येऊन गेली. साठा तळाला आलाय आणि कुठल्यातरी पोराला ते औषध मिळालं नाही तर, हेही येऊन गेलं, आणि ते सगळ्यांत जड होतं. पण ही घोडी खोड्यातून उठणार नव्हती, आणि तिला मोतद्दारांखेरीज कुणी मोजणार नव्हतं. मी दार लावलं आणि सगळं सांगितलं.

डॉक्टर उठले. कित्येक वर्षांनी पागेत गेले. घोडीपुढे उभे राहिले. चष्मा काढला. तिनं त्यांच्यापुढेही मान धरली.

परत खोलीत आल्यावर त्यांनी विचारलं, "हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"तुम्ही, मी, मोतद्दार काका." मग मी प्रामाणिकपणे म्हणाले, "आणि माझ्या आत्याला संशय आहे."

त्यांनी बराच वेळ टेबलावर बोटं वाजवली. "चार नंबर विकली गेली. रीतसर. विकलेला घोडा माझ्या पागेत असूच शकत नाही. ती चार आहे म्हटलं तर माझ्या नाकाखालून घोडा बदलला गेला असं मला वर कळवावं लागेल." पुन्हा बोटं. "सतराला ताप आहे असं लिहितो."

"तिला ताप नाहीये."

"मग काय लिहू, तुम्हीच सांगा."

"रक्त काढण्यास अयोग्य. यापुढे टोचू नये. ते खरं आहे."

त्यांनी तेच लिहिलं. मग माझा आलेख पुढे ओढला, एक आडवी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, नमुना बाद. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाकीच्या घोड्यांची मापं आठवड्याच्या आत द्या. रात्रंदिवस बसा. औषध कुठून तरी काढावंच लागेल."

घरी येऊन आत्याला सगळं सांगितलं. मला वाटलं, टोमणा मारेल. तिनं नुसतं पाणी आणून दिलं.

मंगळवार, २२ एप्रिल

इतके दिवस लिहायला फुरसत नव्हती. सात आणि नऊ नंबरचं माप बरं निघालंय, त्यांच्यावर थोडं निभेल. लेख गेला. त्याचं वाईट वाटतं, नाही असं नाही. त्याहून ह्याचं वाईट वाटतं की त्या रक्तानं मला पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. मी भांडी उकळत बसले.

काम झाल्यावर पागेत गेले. काका ओल्या फडक्यानं घोडीचं कपाळ पुसत होते. आता लपवायचं कोणापासून? चांद अर्धा निघालाय, कडेनं अजून काळा. मी डॉक्टरांकडे त्यांची तक्रार केल्याची माफी मागितली. त्यांनी हात झटकला. मग मी मनातलं विचारलं, "त्या दिवशी मी आलेच नसते तर तुम्ही काय केलं असतंत?"

"मी माझं करून चुकलो होतो," ते म्हणाले. "त्या दिवशी पहाटे फाटक उघडलं आणि हिला बाहेर सोडून दिलं. म्हटलं, जा. कुठे पण जा. रस्त्यापर्यंत गेली. मी दार लावून आत येऊन बसलो, तिकडे बघायचं नाही म्हणून. थोड्या वेळानं फाटकाशी टापा वाजल्या. उघडलं तर आत आली. मला वाटलं खणात जाईल. नाही गेली."

"मग?"

"खोड्यात जाऊन उभी राहिली. आपली आपण. बाटल्यांच्या पेट्या बघितल्या असतील आदल्या दिवशी. तिथून हलवता हलवेना, म्हणून मला नळी आणायला उशीर झाला."

मी तिच्या मानेवर हात ठेवायला पुढे झाले. तिनं लगेच मान वळवून शीर माझ्या हाताशी आणली, त्या दिवशीसारखीच.

"रोज आले तर चालेल का, काका?" मी विचारलं. "चंदी भिजवायला शिकेन. तुम्ही गेल्यावर..."

"या की," ते म्हणाले. "फक्त तो पांढरा कोट तिकडे काढून ठेवून या. तो दिसला की ती मान पुढे करते."